स्पर्धा कायद्याचे दार दिल्लीलाच का?

११ एप्रिल २०२३ रोजी स्पर्धा अधिनियमातील दुरुस्तीस राष्ट्रपतींची संमती मिळाली. २००७ नंतर या कायद्याची एवढी मोठी फेररचना झाली नव्हती, असे तज्ज्ञांनी सांगितले आणि ते खरेही आहे. परंतु ज्या दिवशी ही संमती मिळाली त्या दिवशी, हा कायदा ज्याने चालवावयाचा त्या भारतीय स्पर्धा आयोगास पूर्णवेळ अध्यक्षच नव्हता. पूर्वीचे अध्यक्ष ऑक्टोबर २०२२ मध्ये निवृत्त झाले. मागे दोन सदस्य उरले आणि गणपूर्तीस तिघे लागतात. मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाची प्रकरणे तुंबू लागली तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये 'अपरिहार्यतेचा सिद्धान्त' पुढे करून उरलेल्या दोघांनी ती मार्गी लावण्यास प्रारंभ केला. नवे अध्यक्षपद भरले गेले ते मे महिन्यात. विलीनीकरणासाठी सिद्धान्त सापडला. संगनमताच्या तक्रारी घेऊन बसलेल्यांसाठी कोणी सिद्धान्त शोधल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. या देशात स्पर्धा कायदा कोणासाठी चालतो, याचे उत्तर त्या सात महिन्यांत पुरेसे मिळाले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कायदा वाईट नाही. पण तो जेथे बसला आहे ती जागा वाईट आहे. तो दिल्लीत बसला आहे, वकिलांच्या आणि कंपन्यांच्या हाताच्या अंतरावर. ज्याला त्याची खरी गरज आहे तो मनुष्य औषधाच्या दुकानात, बियाण्याच्या दुकानात, मंडीच्या ओट्यावर आणि मोमीनपुऱ्यासारख्या वस्त्यांतील मागावर उभा आहे. त्याने तेथून दिल्लीपर्यंत जावे, शुल्क भरावे, वकील करावा, आणि मग दहा वर्षे वाट पाहावी, अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे. तिला आम्ही न्यायव्यवस्था म्हणावयास तयार नाही.

मक्ता हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या अमलात जे कारकून, फडणीस, उपाध्ये तापीकाठी येऊन राहिले, त्यांच्यापैकी काहींच्या जुन्या रुमालांत जकातीच्या किंवा कसल्यातरी उत्पन्नाच्या मक्त्याचे कागद आजही निघतील. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलतीच मक्त्याने दिल्या गेल्या आणि रयतेचे काय झाले ते आपण शाळेत वाचले आहे. त्याहून जुनी गोष्ट या प्रांताशी जोडलेल्या बादशहाची. बुऱ्हाणपूरचा मुक्काम हलवून शाहजहान उत्तरेस परतला आणि १६३३ साली त्याने निळीच्या व्यापाराचा मक्ता मनोहरदास नावाच्या व्यापाऱ्यास दिला. डच आणि इंग्रज हे एकमेकांचे वैरी; पण त्या दोघांनी मिळून नीळच घ्यावयाची नाही असा करार केला आणि दोनएक वर्षांत तो मक्ता मोडला. मक्त्यास संगनमताने उत्तर देण्याची ही पद्धत तेव्हापासूनची आहे. कौटिल्याने तर एकत्र येऊन माल अडवून ठेवणाऱ्या व अवाच्या सवा भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांस एक हजार पणांचा दंड सांगितला आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही असल्या एकजुटीस कडक शासन आहे. तेव्हा 'हा पाश्चात्त्य कायदा आहे, आपल्या मातीतला नाही' असे जे म्हणतात त्यांनी आपली माती एकदा नीट पाहावी.

स्वातंत्र्यानंतरचा आपला पहिला कायदा १९६९ चा, मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथांचा. त्याची चेष्टा करण्याची आज फॅशन आहे. कारखाना वाढवावयास परवानगी मागावी लागे, वीस कोटींच्या वर मालमत्ता गेली की उद्योगपती गुन्हेगारासारखा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवी, हे सर्व खरे. १९९१ मध्ये तो भाग काढून टाकला हेही योग्यच झाले. परंतु त्या जुन्या कायद्यात एक गोष्ट होती. अन्वेषण करणाऱ्या महासंचालकास स्वतःच्या माहितीवरून चौकशी सुरू करण्याचा आणि स्वतः आयोगाकडे अर्ज करण्याचा अधिकार होता. राघवन समितीच्या अहवालानंतर (२०००) जो नवा कायदा आला त्यात महासंचालक आहे, पण आयोगाने सांगितल्याशिवाय त्याने काही पाहावयाचे नाही. डोळे आहेत, पण ते उघडण्याचा हुकूम दुसऱ्याने द्यावयाचा. मूळ २००२ च्या कायद्यात आयोगाच्या निरनिराळ्या पीठांची तरतूद होती, म्हणजे पुढेमागे एखादे पीठ नागपुरास किंवा इंदुरास बसू शकले असते. २००७ च्या दुरुस्तीने तीही गेली. आणि एप्रिल २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने आयोगातील सदस्यसंख्याच सातावरून चारावर आणली. या आकुंचनास 'किमान शासन' असे गोंडस नाव देण्यात आले. त्याचीच फळे आपण २०२२-२३ मध्ये पाहिली.

मधल्या काळाची हकिकत तर शासकीय नोकरीत आयुष्य गेलेल्या कोणासही ओळखीची वाटेल. कायद्यास जानेवारी २००३ मध्ये संमती मिळाली. अध्यक्ष न्यायमूर्ती असावा की प्रशासकीय अधिकारी, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २००५ मध्ये निकाल लागला. २००७ मध्ये दुरुस्ती झाली. आणि संगनमत व वर्चस्वाचा गैरवापर यांविषयीची कलमे प्रत्यक्ष लागू झाली २० मे २००९ रोजी. खुर्चीवर कोणी बसावे या वादात सहा वर्षे गेली. खुर्चीसमोर कोण उभा राहणार आहे, याची चर्चा त्या सहा वर्षांत कोणी केली नाही. निवृत्त सचिवांची सोय लावणे ही आमच्याच जातकुळीची जुनी खोड आहे, हे येथे सांगून टाकणे बरे.

आता आपल्या राज्यातील प्रकरण पाहू. औषधांचे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी रक्तदाबाची, साखरेची गोळी रोज लागते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. एखाद्या औषध कंपनीने एखाद्या शहरात नवा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक वितरक, नेमावयाचा ठरवला तर कायद्याने त्यास औषधविक्रीचा परवाना पुरतो. परंतु व्यवहारात आणखी एक कागद लागत असे: तेथील केमिस्ट संघटनेचे 'ना हरकत' पत्र. ते नसेल तर कंपनीने माल द्यावयाचा नाही. दिल्यास संघटनेचे सभासद त्या कंपनीचा माल उचलणार नाहीत. नवीन औषध बाजारात आणावयाचे तरी संघटनेस पैसे भरून कळवावयाचे. वितरकास दहा टक्के आणि किरकोळ विक्रेत्यास वीस टक्के हा नफा तर वाटाघाटींनी पक्का करून ठेवलेलाच; त्याखाली कोणी विकावयाचे नाही. म्हणजे एका गल्लीत औषधाची पाच दुकाने असूनही ती वस्तुतः एकच दुकान असावीत तशी चालत.

गोव्यातील एका औषध विक्रेत्याने या प्रथेविरुद्ध तक्रार केली आणि जून २०१२ मध्ये आयोगाने तेथील संघटनेस दंड केला. पुढच्या वर्षी अखिल भारतीय संघटनेसही दोषी ठरवले. यानंतर हा विषय संपावयास हवा होता. तो संपला नाही. २०१४ साली मध्य प्रदेशातील वितरकांच्याच एका महासंघाने राज्याच्या केमिस्ट संघटनेविरुद्ध आणि इंदूरच्या संघटनेविरुद्ध त्याच 'ना हरकत' पत्राची तक्रार आयोगाकडे नेली. जून २०१८ मध्ये आयोगाने निर्णय दिला: दोन्ही संघटना दोषी, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वागणाऱ्या हिमालया व इंटास या कंपन्याही दोषी. एकूण दंड सुमारे चौऱ्याहत्तर कोटींचा, आणि त्यातील जवळजवळ सगळा कंपन्यांवर. संघटनांवरचा दंड काही लाखांच्या घरात, कारण दंड उत्पन्नाच्या प्रमाणात मोजतात आणि संघटनेचे उत्पन्न म्हणजे सभासदांची वर्गणी.

या प्रकरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, कायदा चालू शकतो. जो म्हणतो की भारतात असले कायदे कागदावरच राहतात, त्यास हा निर्णय दाखवावा. दुसरी ही की, गोव्यात २०१२ साली जे बेकायदेशीर ठरले तेच इंदुरात २०१४ साली चालू होते, आणि ते थांबवण्यासाठी नव्याने तक्रार, नव्याने चौकशी आणि चार वर्षे लागली. या राज्यात औषध निरीक्षक प्रत्येक जिल्ह्यास आहे. दुकानात औषधे थंड ठेवली आहेत की नाहीत, नोंदवही भरली आहे की नाही हे तो पाहतो. संघटनेने 'ना हरकत' पत्राची सक्ती केली आहे का, हे पाहणे त्याचे काम नाही; ते पाहून दिल्लीस कळवण्याची काही वाटही त्याच्यासाठी नाही. मग ते पाहणार कोण?

बियाण्याचे प्रकरण याहून मोठे, आणि निमाडातील कापूस पिकवणाऱ्यांच्या पोटाशी भिडणारे. मार्च २००२ मध्ये बी.टी. कापसास परवानगी मिळाली. ज्या राज्यांत मिळाली त्यात मध्य प्रदेश होता. बोंडअळीस मारणारा गुण अमेरिकेच्या मॉन्सँटोचा. येथे तो महिको-मॉन्सँटो या संयुक्त कंपनीमार्फत बियाणे कंपन्यांस परवान्याने मिळे. ४५० ग्रॅमचे पाकीट शेतकऱ्यास सोळाशे ते अठराशे रुपयांच्या आसपास पडे आणि त्यातील साडेबाराशे रुपये केवळ त्या गुणाचे. आंध्र प्रदेश शासनाने २००६ च्या प्रारंभी जुन्या मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली. ज्या कायद्यास मोडीत काढावयाचे ठरले होते त्याच्याच आयोगाने मे २००६ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, हे शुल्क कमी करावे असा अंतरिम आदेश दिला. पाकिटाची किंमत साडेसातशेपर्यंत खाली आली. मरणपंथास लागलेल्या कायद्याने पेरणीपूर्वी काम केले, हे लक्षात ठेवावे.

आता नवा कायदा काय करतो ते पाहा. २०१५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानेच मॉन्सँटोविरुद्ध प्रकरण स्पर्धा आयोगाकडे पाठवले. काही बियाणे कंपन्यांनीही तक्रार केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये आयोगाने प्रथमदर्शनी तथ्य आहे असे म्हणून चौकशीचा आदेश दिला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पेटंटचा विषय असल्याने आयोगास अधिकारच नाही, असा तिचा दावा. मे २०२० मध्ये एका न्यायमूर्तींनी तो फेटाळला. जुलै २०२३ मध्ये द्विसदस्यीय पीठाने तो मान्य केला. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयोगाचे अपीलही टिकले नाही. दहा वर्षे गेली, आणि दहा वर्षांनी उत्तर हे की तुम्ही प्रश्नच चुकीच्या खिडकीवर विचारलात.

मधल्या काळात शासनाने काय केले? डिसेंबर २०१५ मध्ये आवश्यक वस्तू कायद्याखाली किंमत-नियंत्रणाचा आदेश काढला, आणि २०१६ च्या खरिपापासून पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली. गुणाचे शुल्क १६३ रुपयांवरून ४९ वर आणले. पुढे ते ३९, मग २०, आणि २०२० मध्ये शून्य झाले. जे स्पर्धा कायद्यास दहा वर्षांत जमले नाही ते एका राजपत्राने तीन महिन्यांत केले! टाळ्या वाजवाव्यात असे क्षणभर वाटते. पण किंमत हुकुमाने ठरवली म्हणजे स्पर्धा आली असे नव्हे. २०१६ मध्येच मॉन्सँटोने आपल्या पुढच्या पिढीच्या कापूस-बियाण्याचा अर्ज मागे घेतला. इकडे गुलाबी बोंडअळी जुन्या गुणास जुमानेनाशी झाली. आणि तणनाशक सहन करणारे बेकायदा बियाणे बिनबिलाने गावोगाव विकले जाऊ लागले. जेथे बिल नाही तेथे हमी नाही, आणि उगवण झाली नाही तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? मक्तेदारी मोडण्याचा कायदा वेळेवर चालला असता तर किंमत-नियंत्रणाच्या कुबडीवर इतका भार पडला नसता. रुग्णाने दहा वर्षे थांबावे आणि तोवर अफूवर दिवस काढावेत, हा उपचार नव्हे.

येथे एक वर्ग आम्हास थांबवून म्हणेल की, म्हणूनच तर सर्व सरकारनेच करावे. या वर्गास आम्ही आपल्या सीमेपलीकडील उदाहरण दाखवू. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. सरकारखेरीज कोणी कापूस घ्यावयाचा नाही. हेतू उत्तम: व्यापाऱ्यांच्या संगनमतातून शेतकरी सोडवावा. परिणाम? रावेर, एदलाबादकडचा कापूस इकडे भाव जास्त असेल त्या वर्षी रात्रीच्या गाड्यांतून मध्य प्रदेशात उतरे, आणि तिकडचा हमीभाव वर असेल त्या वर्षी इकडचा तिकडे जाई. आपल्याच शेतातला कापूस नात्यातल्या गावी नेणे हा गुन्हा झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या योजनेविरुद्ध आवाज उठवला तो उगाच नव्हे. चुकारे लांबत, प्रतवारीत घोळ होत, तोटा तिजोरीवर पडे. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीस वाट द्यावी लागली आणि एकाधिकार संपला. एका मक्त्याच्या जागी दुसरा मक्ता बसवला तर मक्तेदाराचे नाव बदलते, एवढेच. सरकारी कंपन्यांनीही याच कायद्यापुढे उभे राहिले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये कोल इंडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणातही तक्रारदारांत महाराष्ट्राची महानिर्मिती होती, म्हणजे सरकारविरुद्ध सरकार. हा निकाल आम्हास या कायद्याच्या इतिहासातील सर्वांत निरोगी वाटतो.

आणि मंडी? २०२०-२१ मध्ये तीन कृषी कायद्यांवरून देशभर रणकंदन झाले. मध्य प्रदेशाने तर त्याआधीच, मे २०२० मध्ये, खासगी मंडीस परवानगी देणारा अध्यादेश काढला होता. एक पक्ष म्हणे मंडी मोडा, दुसरा म्हणे मंडी वाचवा. लिलावात बोली लावणारे चार अडते आदल्या रात्री एकत्र बसत असतील तर त्यांना कोण हटकणार, हा प्रश्न दोन्ही पक्षांना सुचला नाही. तो प्रश्न मंडीच्या आतही आहे आणि बाहेरही. स्पर्धा आयोगानेच कांद्याच्या बाजाराचा अभ्यास करवून घेतला होता. २०१२ च्या त्या अहवालात मोजके मोठे व्यापारी, त्यांची जुनी नाती आणि नव्याला शिरू न देणारी व्यवस्था यांवर बोट ठेवले होते. अभ्यास झाला, अहवाल छापला गेला. केळी तर कापल्यावर थांबत नाहीत. कांद्यासारखी चाळीत ठेवता येत नाहीत. दुपारपर्यंत जो भाव फळ्यावर चढेल तो घ्यावयाचा. २००० साली आय.टी.सी.ने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केले तेव्हा मंडीबाहेर दुसरा भाव दिसू लागला, एवढ्याने मंडीतले वजनकाटे आणि वागणूक दोन्ही सुधारले, असे त्या काळी शेतकरी सांगत. दुसरा गिऱ्हाईक असणे एवढेच पुरे असते. मात्र पहिला गेला आणि दुसरा एकटाच उरला की तोही पहिल्यासारखाच होतो. कलम ४९ प्रमाणे राज्य शासन कोणताही धोरणविषयक प्रश्न आयोगाच्या मतासाठी पाठवू शकते. मंडी कायद्यात हात घालण्यापूर्वी ते मत मागवण्यास पैसे लागत नाहीत.

निविदांविषयी थोडेच. ज्याने शासकीय कचेरीत निविदा उघडल्या आहेत त्याला हे माहीत आहे: चार लिफाफे, चार दर, आणि तिघांचे दर पैशापर्यंत सारखे. मे २००९ मध्ये भारतीय खाद्य निगमाने धान्यातील किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची निविदा काढली तेव्हा तीन कंपन्यांनी प्रत्येकी ३८८ रुपये किलो हाच दर भरला. निगमाने तक्रार केली, आयोगाने २०१२ मध्ये दंड केला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून दंड मात्र केवळ त्या गोळ्यांच्या उलाढालीपुरता मोजावा असे सांगितले. २०२३ च्या दुरुस्तीने आता सगळ्या जगभरातील उलाढाल दंडासाठी धरता येते. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे आम्ही स्वागत करतो. पण जिल्ह्याच्या पातळीवर पाइप, खडी, शालेय गणवेश यांच्या निविदा दर महिन्यास उघडतात. तेथे सारखे दर दिसले तर आमचे अधिकारी फार तर फेरनिविदा काढतात. ते आयोगास कळवले तर पुढील तीन वर्षे आपणच साक्षीसाठी फिरत राहू, ही भीती त्यांना असते, आणि ती निराधार नाही.

विलंबाचे एकच उदाहरण देतो, कारण घर बांधलेल्या प्रत्येकाने त्याचे पैसे भरले आहेत. सिमेंट कंपन्यांविरुद्ध बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने २०१० मध्ये तक्रार केली. जून २०१२ मध्ये अकरा कंपन्यांवर सहा हजार तीनशे कोटींवर दंड बसला. डिसेंबर २०१५ मध्ये तो रद्द झाला, का, तर अंतिम सुनावणीस न बसलेल्या अध्यक्षांनी निर्णयावर सही केली होती! ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा तितकाच मोठा दंड केला, जुलै २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर अपिले दाखल करून घेतली. ज्याने त्या काळात दोन खोल्या बांधल्या त्याला यातून एक पोते सिमेंटही परत मिळालेले नाही. नुकसानभरपाई मागण्याचे कलम आहे, पण दोष अंतिमतः सिद्ध झाल्यावर, आणि त्या न्यायाधिकरणापुढे. उलट २०२३ च्या दुरुस्तीने तक्रारदारासच तीन वर्षांची मुदत घातली आहे. संगनमत हा गुप्त व्यवहार असतो, तो उघडकीस यावयासच तीन वर्षे लागतात, हे मुदत घालणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही.

तर मग आम्हास काय हवे? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला तेव्हा जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा तीन पायऱ्या बांधल्या गेल्या. बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ साली खंडव्यापासून वेगळा झाला. असल्या लहान जिल्ह्यातील माणसासही बिघडलेल्या पंख्यासाठी जवळच्या ग्राहक मंचाकडे जाण्याची वाट आहे. पंख्याचे भाव कंपन्यांनी संगनमताने वाढवले असतील तर मात्र दिल्ली. ही विसंगती का ठेवावी? निर्णय दिल्लीतच होऊ द्या, कारण हे प्रश्न गुंतागुंतीचे असतात आणि प्रत्येक जिल्ह्यात अर्थशास्त्रज्ञ मिळत नाहीत हे आम्ही समजतो. पण तक्रार घेण्याचे, पुरावा जपण्याचे आणि साक्ष नोंदवण्याचे काम जिल्ह्यात झाले पाहिजे, आणि महासंचालकास त्यावरून स्वतः चौकशी सुरू करण्याचा जुना अधिकार परत मिळाला पाहिजे. व्यापारी मित्र म्हणतील, ही नवी इन्स्पेक्टरशाही. आम्ही त्यांना विचारतो, बियाण्याच्या दुकानदारास कंपनीने दुसऱ्या कंपनीचा माल ठेवू नकोस म्हणून दटावले तर तो आज कोणाकडे जातो? लहान व्यापारी हाच या कायद्याचा सर्वांत मोठा लाभधारक आहे. इंदूरची तक्रार वितरकांनीच केली होती, रुग्णांनी नव्हे.

एका बाबतीत मात्र कायदा अधिक सैल झाला पाहिजे, आणि ती बाब आपल्या शहराची आहे. येथील यंत्रमागावर सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे, आणि मीटरवर मजुरी एवढेच स्वतःचे, अशी हजारो घरे चालतात. दोन-चार मागांचा हा मालक कायद्याच्या व्याख्येत कामगार नाही. तो 'उद्योग' आहे. अशा पन्नास जणांनी एकत्र बसून 'यापेक्षा कमी मजुरीत विणणार नाही' असे ठरवले तर शब्दशः पाहता ते दर ठरवण्याचे संगनमत होते. त्यांना मजुरी देणाऱ्या बड्या मास्टर वीवरांनी एका खोलीत बसून दर पाडला तर तेही तेच. पण ते खोलीत बसतात, आणि मागवाले चौकात. कोणाचे संगनमत आधी दिसेल? अमेरिकेतही हेच झाले. १८९० चा शेरमन कायदा बड्या ट्रस्टांसाठी केला आणि तो प्रथम कामगारांच्या डोक्यावर बसला. टोप्या शिवणाऱ्यांच्या संघावर १९०८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो लावला. मग १९१४ मध्ये कामगारांना आणि १९२२ मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संघटनांना सूट देणारे कायदे करावे लागले. आपल्याकडे नव्या कायद्याचीही गरज नाही. कलम ५४ अन्वये केंद्र शासन सार्वजनिक हिताकरिता कोणत्याही वर्गास अधिसूचनेने सूट देऊ शकते. त्या कलमाखाली जहाज कंपन्यांच्या सामायिक वाहतुकीच्या करारांना २०१३ पासून एकाहून अधिक वेळा सूट मिळाली आहे. ती अधिसूचना एका पानाची असते. तसेच एक पान ठरावीक मर्यादेखालील मागवाल्यांसाठी आणि केळी उत्पादकांच्या गटांसाठी निघावे, अशी मागणी येथील खासदारांनी आणि यंत्रमागधारकांच्या संघटनांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे लेखी करावी. तिचा मसुदा मराठीत, हिंदीत आणि उर्दूत करून देण्यास आपल्यापैकी निवृत्त मंडळींना फार तर दोन दुपारी लागतील.